तिसऱ्या दशांश स्थळावरचा समुद्र

समुद्राचं पाणी मोजणं हे माझं पोटापाण्याचं काम होतं. किती खारट, किती गरम, किती जड, त्यात प्राणवायू किती. यातला ‘किती जड’ हा प्रश्न बाहेरच्या माणसाला सगळ्यात निरर्थक वाटतो. एक लिटर गोडं पाणी साधारण एक किलो भरतं, समुद्राचं एक लिटर एक किलो आणि वर पंचवीसेक ग्रॅम. वहीत आम्ही ते १.०२५ असं लिहायचो. मुंबईसमोरचं उन्हाळ्यातलं कोमट पाणी १.०२३ च्या आसपास असतं. अरबी समुद्राच्या तळाचं थंड पाणी, डोक्यावरच्या पाण्याचा दाब हिशेबातून वगळला, तर १.०२८ च्या जरा अलीकडे थांबतं. म्हणजे पृष्ठभागापासून तळापर्यंत सगळ्या समुद्राचा फरक तिसऱ्या दशांश स्थळावरच्या चार-पाच आकड्यांत संपतो. नोकरीला लागले तेव्हा मला हे आकडे म्हणजे नुसती कारकुनी वाटायची. आज मी छातीठोकपणे सांगते की मासळी कुठे जगणार, कुठे गुदमरणार, वादळ कुठे बळावणार, हे सगळं त्या तिसऱ्या दशांशावर ठरतं.

मी गोरेगाव पश्चिमेला राहते. आपण समुद्राकाठी राहतो असं गोरेगावकरांना सहसा वाटत नाही. समुद्र म्हणजे जुहू, वर्सोवा, फार तर मढ-मार्वे. पण आरेच्या टेकड्यांत उगम पावणारी ओशिवरा नदी गोरेगावातून वाहत मालाडच्या खाडीला मिळते, आणि दिवसातून दोनदा भरतीचं पाणी लिंक रोडपलीकडच्या तिवरांत शिरतं. मोठ्या उधाणाला मुंबईत भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या घरात जातो. आमच्या समोरचा सागरमंच फार रुंद आहे, तळ सुमारे तीनशे किलोमीटरपर्यंत हळूहळू उतरत जातो, आणि अशा उथळ पसरटीवर भरतीची लाट फुगते. खाडीत कधी उतरायचं हे ठरवायला आम्ही छापील तक्ते वापरायचो. बोटीवरचा तांडेल मात्र तिथी विचारायचा, तिची पाऊणपट करायचा आणि वेळ सांगायचा. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. तक्त्याशी त्याचा फरक क्वचितच अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त पडायचा.

वर्सोव्याच्या परिसरात समुद्राचा अभ्यास करणाऱ्या संस्था आहेत. केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था १९६१ पासून, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं मुंबई केंद्रही तिथेच. त्या भागातल्या एका प्रयोगशाळेत मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन लागले. तेव्हा खारटपणा मोजायची रीत जुनी होती. नमुन्यात पोटॅशियम क्रोमेट टाकायचं, ब्यूरेटमधून सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबाने सोडायचं, पांढरा साका तयार होत जातो, आणि पिवळा रंग विटकरी झाला की तोटी बंद. किती सिल्व्हर नायट्रेट लागलं त्यावरून क्लोरिनता, आणि क्लोरिनतेला १.८०६५५ ने गुणलं की क्षारता. सिल्व्हर नायट्रेटचा थेंब बोटाला लागला तर डाग काळा पडतो आणि साबणाने निघत नाही, कातडी झडेल तेव्हाच जातो. लोकलच्या बायकांच्या डब्यात माझी बोटं पाहून कुणीतरी हमखास विचारायचं, मेंदी बिघडली का? मी खरं कारण सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: समुद्र खारट आहे हे माहीत असताना मोजायचं काय त्यात?

प्रश्न रास्त होता. उत्तर मिळायला मला काही वर्षं लागली.

एका क्लोराइडवरून सगळ्या क्षारांची बेरीज काढता येते, कारण खुल्या समुद्रात कुठेही गेलात तरी क्षारांचं आपसातलं प्रमाण जवळजवळ सारखंच असतं. ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांतून पाणी गोळा केलं, आणि त्यातल्या ७७ नमुन्यांचं विश्लेषण विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये प्रसिद्ध केलं. क्लोराइड सुमारे ५५ टक्के, सोडियम ३० च्या वर, मग सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम. पाणी कमी-जास्त होतं, प्रमाण हलत नाही. हेच मी नंतर मुलुंड-भांडुपच्या बाजूच्या मिठागरात उलट्या दिशेने पाहिलं. आम्ही तिथे नमुने घ्यायला गेलो होतो. मिठागरावरच्या माणसाच्या हातात काचेचा घनतामापक होता, बोमे अंशांचा. खाडीचं पाणी आत घेताना तीन-साडेतीन अंश. ऊन आणि वारा पाणी उडवून नेतात, पाणी एका कुंडातून दुसऱ्यात, अंश चढत जातात. आधी चुना बसतो, मग जिप्सम, आणि पंचवीस अंशांच्या आसपास मिठाचा दाणा धरू लागतो. एकोणतिसाच्या वर गेलं की उरलेलं कडू पाणी सोडून द्यायचं, त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि मीठ कडवट होतं. त्या माणसाने शाळा पाहिली नव्हती. पण घनता वाचून पाण्यात काय शिल्लक आहे हे तो माझ्याइतकंच नेमकं सांगत होता, आणि त्याची मजुरी त्या वाचनावर अवलंबून होती.

खारटपणाचं मोजमाप कशाला, याचं उत्तर पावसाळ्यात मिळालं. मे महिन्यात मालाडच्या खाडीच्या तोंडाशी क्षारता ३६ च्या आसपास असायची, म्हणजे किलोभर पाण्यात ३६ ग्रॅम क्षार. जुलैतल्या मोठ्या पावसानंतर खाडीच्या वरच्या अंगाला पृष्ठभागावर तीच १० च्या खाली उतरलेली सापडायची. नवीन असताना मला वाटलं, सगळी खाडीच गोडी झाली. तांडेल सुकाणूवरून म्हणाला, “ताई, वरचा पानी गोड झाला, खालचा अजून खाराच हाय.” बाटली खोल सोडून पाहिली तर तसंच. नदीचं हलकं पाणी दुधावरच्या सायीसारखं वर पसरलेलं, आणि खालून भरतीचं जड पाणी पाचरीने आत घुसलेलं. दोन्हींच्या मधला थर काही ठिकाणी हातभर जाडीचा. आपल्याला वाटतं पाण्यात पाणी मिसळायला काय लागतं! पण जड पाणी खाली आणि हलकं वर असेल तर ते मिसळायला ताकद लागते, वाऱ्याची, लाटेची, नाहीतर भरतीच्या ओढीची. ती ताकद नसेल तर थर जागचे हलत नाहीत, आणि वरचा प्राणवायू खाली पोचत नाही.

त्या थरांत जगणाऱ्या प्राण्यांनी आपापली सोय केलेली आहे. कोळंबीची मादी समुद्रात अंडी घालते, पिलं भरतीबरोबर खाडीत येतात, कमी खारट पाण्यात वाढतात आणि मोठी होऊन परत समुद्रात जातात. जिताडा याच्या बराचसा जवळ जाणारा संसार करतो. पिलं नदीच्या गोड्या पाण्यापर्यंत चढतात, अंडी घालायला मात्र खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात यावं लागतं. कालवं जागा सोडू शकत नाहीत, ती शिंपा घट्ट मिटून गोडं पाणी ओसरायची वाट पाहतात. आणि सुरमई, पापलेट यांच्यासारखे समुद्रातले हाडांचे मासे चोवीस तास तहानलेले असतात. बाहेरचं पाणी त्यांच्या रक्तापेक्षा कितीतरी खारट, त्यामुळे अंगातलं पाणी सारखं बाहेर झिरपतं. म्हणून ते समुद्राचं पाणी पितात आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतात. मुशीची युक्ती निराळी. ती रक्तात युरिया साठवून ठेवते, रक्त समुद्राच्या तोडीचं करते, मग पाणी झिरपायचा प्रश्नच राहत नाही. मुशी आणून थोडा वेळ तशीच ठेवली तर नाकाला झोंबणारा जो वास येतो तो त्या युरियाचा अमोनिया होतो त्याचा. माझ्या सासूबाई मुशी आणल्या आणल्या स्वच्छ करून घेत, वेळ अजिबात दवडत नसत. त्यामागचं कारण मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांना फारच आनंद झाला. त्यानंतर बाजारातून येणाऱ्या प्रत्येक माशाबद्दल त्या मला विचारू लागल्या आणि मला पुस्तकं उघडावी लागली. प्रयोगशाळेत मी रसायन शिकले, जीवशास्त्र बरंचसं त्यांच्या ओट्याशी.

खाडी सोडून खोल समुद्रात जायचा योग नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आला. १९८३ मध्ये भारतात दाखल झालेल्या ‘सागर कन्या’ या संशोधन जहाजावरून तेव्हा अरबी समुद्राचा मोठा अभ्यास चालला होता, जगभरच्या समुद्रांत कार्बनचा प्रवास कसा होतो हे शोधणाऱ्या आंतरराष्ट्रीय मोहिमेचा तो भारतीय भाग. घरी मुलगी लहान होती. नणंदेने तिला सांभाळलं म्हणून मी जाऊ शकले.

त्या सफरीने माझी समुद्राबद्दलची समजूत पार बदलली. जहाज थांबलं की विंचवरून बाटल्यांची चौकट खाली सोडायची. तिच्यासोबतचं यंत्र उतरता उतरता तापमान, क्षारता, दाब टिपत जातं, आणि वर येताना ठरलेल्या खोलीवर एकेक बाटली बंद होते. आम्ही हौसेने थर्मोकोलचे पेले जाळीच्या पिशवीत घालून चौकटीला बांधायचो. दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. दोन हजार मीटरवर दोनशे वातावरणांचा दाब. पेले वर यायचे ते अंगठ्याएवढे होऊन, कडक, त्यांच्यावर लिहिलेली नावं बारीक अक्षरांत तशीच. मुलीचं नाव लिहिलेला एक पेला अजून घरी आहे.

पण मी हादरले ते हाताला लागलेल्या पाण्याने. डेकवर ऊन, पृष्ठभागाचं पाणी २८ अंश, आणि दोन हजार मीटरवरच्या बाटलीतून नमुना घेताना बोटं बधिर. ते पाणी तीन अंशांच्या आसपास होतं. अरबी समुद्राला उत्तरेकडे वाट नाही, तिथे जमीन आहे. इतकं थंड पाणी तिथे तयार होणं शक्यच नाही. ते दक्षिणेकडून आलेलं, त्याचा उगम अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्राकडे. गोडं पाणी चार अंशांना सर्वांत जड असतं, त्याखाली गार केलं तर पुन्हा हलकं होतं. समुद्राचं पाणी मात्र गोठेपर्यंत जड होत जातं, आणि ते गोठतं उणे १.८ ते १.९ अंशांना. बर्फ धरताना मीठ बाहेर टाकलं जातं, खालचं पाणी आणखी खारट, आणखी जड होतं, आणि तळाकडे बुडून उत्तरेला सरकू लागतं. पृष्ठभागावर असताना हवेतून घेतलेला प्राणवायू ते बरोबर घेऊन निघतं. खोल तळावरचे जीव त्या प्राणवायूवर जगतात. तिसऱ्या दशांशातला फरक म्हणजे कारकुनी, हे माझं मत त्या डेकवर संपलं.

प्राणवायू मोजायची पद्धत विंकलरची, १८८८ सालची, आणि मला ती अजून सगळ्यांत सुंदर वाटते. काचेच्या बाटलीत बुडबुडा न शिरू देता नमुना भरायचा, त्यात मँगनीजचा क्षार आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालायचं. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो. नसेल तर साका पांढरा राहतो. पुढची अनुमापनाची आकडेमोड नंतर, पण उत्तराचा अंदाज बाटलीकडे पाहूनच येतो. जहाजावर मी बाटल्या खोलीप्रमाणे ओळीने लावायचे. पृष्ठभागाच्या बाटल्या गडद तपकिरी. शंभर-दीडशे मीटरपासून रंग उतरू लागे, आणि तिथून पुढे सुमारे हजार मीटरपर्यंतच्या बाटल्या फिकट, मधल्या काही जवळजवळ दुधी पांढऱ्या. मग तळाकडे पुन्हा तपकिरी छटा, दक्षिणेकडून आलेल्या पाण्याची. जगातल्या समुद्रांमधल्या सगळ्यांत जाड प्राणवायुहीन पट्ट्यांपैकी एक इथे, आपल्या किनाऱ्यासमोर, पाण्याखाली लपलेला आहे. पुस्तकात मी ते वाचलेलं होतं. ओळीतल्या पांढऱ्या बाटल्या पाहणं निराळं.

कारण पुन्हा थरांतच होतं. वरच्या उजेडाच्या पाण्यात वनस्पती-प्लवक भरपूर वाढतं, मरून खाली पडतं, आणि ते कुजवताना जीवाणू प्राणवायू वापरतात. मधलं पाणी उत्तरेला कोंडलेलं, हळू बदलणारं, आणि वरून हवा पोचू न देणारं हलकं झाकण. मग हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्र इतका सुपीक कसा होतो, हे कोडं होतं. ते गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या एम. मधुप्रताप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडलं, १९९६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांचा लेख आला. हिवाळ्यात जमिनीकडून कोरडा, थंड वारा येतो, पाण्याची वाफ होते, पृष्ठभाग गार आणि अधिक खारट होतो, जड होऊन खाली बुडतो, आणि त्या उलथापालथीत खालची पोषक द्रव्यं वर येतात. मग प्लवक फोफावतं. तापमान तीन-चार अंशांनी उतरतं आणि वरचा मिसळलेला थर शंभर मीटर व त्याहून खोल जातो. एवढंसं कारण, पण त्यावर त्या भागातल्या मासळीचं वर्षाचं अन्न उभं आहे.

संध्याकाळी प्रतिध्वनीयंत्राच्या कागदावर आणखी एक गोष्ट दिसायची. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने, आणि प्रकाश जिथे शंभर-दोनशे मीटरांत संपतो तिथे आवाज शेकडो किलोमीटर पोचतो. यंत्र आवाजाची टिचकी सोडतं आणि परत आलेला प्रतिध्वनी कागदावर उमटवतं. दिवसा दोन-चारशे मीटरवर एक जाड काळा पट्टा दिसे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात असे पट्टे पाहून तो समुद्राचा तळच असावा असा समज झाला होता. सूर्य मावळला की तो पट्टा चढू लागे आणि रात्र पडेपर्यंत पृष्ठभागाजवळ पोचे. अंगावर प्रकाशाचे ठिपके असलेले बोटभर लांबीचे मासे, झिंगे आणि इतर जीव चरायला वर येत होते. दिवसा ते त्याच पांढऱ्या बाटल्यांच्या पाण्यात लपतात, कारण शिकारी मासे तिथे जास्त वेळ टिकत नाहीत. ज्याला आम्ही मृत पट्टा म्हणत होतो, तो त्यांचा आसरा होता. पहिल्या रात्री मी पहाटेपर्यंत त्या कागदासमोर उभी होते. पहाटे पट्टा पुन्हा उतरू लागला.

उजेडाबद्दल थोडं. इटलीतले धर्मगुरू आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडून ती कुठे दिसेनाशी होते ते पाहिलं, आणि आजही हेच साधन वापरतात. खुल्या अरबी समुद्रात ती तबकडी पंचवीस मीटरच्या खालीही चमकताना मी पाहिली आहे. मालाडच्या खाडीत ती अर्ध्या मीटरच्या आत गडप होते. मुंबईच्या पाण्यात गाळ असतोच, भरतीची ओढ तळ सारखा ढवळत राहते, त्यात चूक काही नाही. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँकेवर पाणी स्वच्छ आहे, उजेड खोल जातो, म्हणून तिथे प्रवाळ बहरलं आहे. आपल्या खाडीने प्रवाळाची अपेक्षा कधीच केली नव्हती. तिची श्रीमंती गाळातली: कोळंबी, चिंबोऱ्या, निवट्या, तिसऱ्या.

जहाजावरून परत आले आणि पुन्हा खाडीचं काम सुरू झालं. एका मे महिन्यात, ओहोटीच्या अगदी शेवटी, आम्ही खाडीच्या वरच्या अंगाला नमुना घेतला. बाटलीत रसायनं घातली. साका पांढरा. बोटीवर कोणी काही बोललं नाही. खोल अरबी समुद्रातली पांढरी बाटली पाहून मी थक्क झाले होते. ही पाहून मला संताप आला, कारण ते पाणी माझ्या हाताएवढंही खोल नव्हतं, त्यावर उघडी हवा होती, वारा होता. तिथे प्राणवायू न पोचण्याचं निसर्गाकडे काही कारणच नव्हतं. सांडपाणी इतकं येत होतं की ते कुजवताना हवेतून मिळणारा सगळा प्राणवायू लगेच संपत होता.

इथे पाण्याचे साधे भौतिक नियमही आपल्या विरुद्ध उभे राहतात, आणि हे लोकांना सांगायला हवं. पाणी जितकं गरम आणि जितकं खारट, तितका त्यात विरघळणारा प्राणवायू कमी. शून्य अंशाच्या समुद्राच्या पाण्यात लिटरला अकरा मिलिग्रॅमच्या वर मावतो. २८ अंशांना गोड्या पाण्यात पावणेआठ, आणि समुद्राच्या पाण्यात जेमतेम साडेसहा. दोनच्या खाली आला की बहुतेक मासे तग धरत नाहीत. म्हणजे आपल्या खाडीकडे मुळातच शिल्लक थोडी. थंड देशातली एखादी खाडी जेवढी घाण सोसेल तेवढी आपली सोसू शकत नाही, आणि उन्हाळ्यात, लहान भांगाच्या भरतीला, पाणी कमी हलतं तेव्हा तर मुळीच नाही. पूर्वी कोळ्यांच्या होड्या खाडीत जिथपर्यंत जात, तिथे आज जाळं टाकून उपयोग नाही असं तांडेल सांगायचा. त्याने ते प्राणवायूच्या भाषेत सांगितलं नाही. माझ्या वहीतले आकडे तेच सांगत होते.

त्या चिखलात जे टिकतात त्यांच्याबद्दल मला आदर आहे. निवटी ओलसर कातडीतून आणि तोंडातून थेट हवेतला प्राणवायू घेते, म्हणून ओहोटीला चिखलावर उड्या मारत फिरू शकते. तिवर गुदमरलेल्या चिखलातून श्वसनमुळं वर काढतो आणि पानांतून मीठ बाहेर टाकतो. कोरड्या दिवशी तिवराचं पान जिभेला लावून पाहा, खारट लागेल. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटीच्या तोडीवर बंदी घातली, पुढे २०१२ मध्ये राज्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला, आणि गोरेगाव-मालाडच्या पश्चिमेला आज जी हिरवाई उरली आहे त्यात या निर्णयांचा वाटा आहे असं मी मानते. पण झाड वाचवून खालचं पाणी तसंच राहिलं तर काम अर्धवट आहे.

२००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि दुपारी मोठी भरती होती. नदीचं पाणी खाली यायचं आणि समुद्राचं वर, दोघांची गाठ आपल्या घरांजवळ पडली. खाडीकाठचा पसरट, दलदलीचा भाग हा त्या गाठीसाठीच असतो. तो भरावाने उंच केला की पाणी दुसरी जागा शोधतं. माझ्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या बिऱ्हाडांनी ते पाहिलं.

आता समुद्र तापतो आहे. पाण्याला गरम व्हायला फार उष्णता लागते. समुद्राच्या वरच्या अडीच-तीन मीटरांत मावते तेवढी उष्णता अख्ख्या वातावरणात मिळून मावते. दुपारचे खारे वारे आणि रात्रीचे मतलई वारे यामुळेच वाहतात, मुंबईचं तापमान नागपूरसारखं चढत-उतरत नाही तेही यामुळेच. माणसाने वाढवलेल्या उष्णतेतली नव्वद टक्क्यांहून जास्त या पाण्याने पोटात घेतली आहे. त्याची किंमत दिसू लागली आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते मुंबईजवळून गुजरातकडे गेलं. वादळाला साधारण साडेसव्वीस अंशांच्या वरचं पाणी लागतं, आणि मे महिन्यात आपला समुद्र तीस अंशांच्या आसपास असतो. मला वादळापेक्षाही जास्त काळजी वाटते ती थरांची. वरचं पाणी तापलं की आणखी हलकं होतं, झाकण आणखी घट्ट बसतं, हिवाळ्यातलं मिसळणं कमी पडतं, खालचा प्राणवायू आणखी उतरतो. पावसाळ्याच्या अखेरीस कर्नाटक-गोव्याच्या किनाऱ्यालगत कमी प्राणवायूचं खोल पाणी वर सरकून उथळ भागात येतं, आणि त्यावर पावसाच्या पाण्याचा पातळ थर झाकण घालतो, हे गोव्याच्या शास्त्रज्ञांनी २००० मध्येच दाखवून दिलं आहे. हा फरक आधी तिसऱ्या दशांशात दिसेल, मासळीबाजारात नंतर. तो टिपायला कोणीतरी दर महिन्याला, त्याच जागी, त्याच पद्धतीने मोजत राहिलं पाहिजे.

म्हणून गोरेगाव, मालाड, वर्सोव्यातल्या शाळा-महाविद्यालयांना माझी एक विनंती आहे. घनतामापक, तापमापक आणि दोरी बांधलेली पांढरी तबकडी, एवढंच सामान लागतं, आणि ते महाग नाही. रसायनशास्त्राची प्रयोगशाळा असेल तर विंकलरची चाचणीही करता येते. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तिथीला, मार्व्याच्या धक्क्यावर किंवा वर्सोवा-मढ फेरीच्या धक्क्यावर जा, भरती आणि ओहोटी दोन्ही वेळचं पाणी मोजा, तारीख-वेळ घालून वहीत लिहा आणि ती वही पुढच्या वर्गाला द्या. पहिली दोन-तीन वर्षं त्या आकड्यांतून फारसं काही हाती लागणार नाही. तरी लिहीत राहा. शिकवायला कोणी हवं असेल तर माझ्यासारखे निवृत्त लोक या उपनगरांत पुष्कळ आहेत, हाक मारा.